पिवळ्या कॅसेटचा भाव

घरातलं माणूस गेल्यावर वर्षभर काय काय करायचं नसतं, हे मला माझ्या थोरल्या वहिनींनी तेराव्याच्या दिवशी पंगती उठल्यावर समजावून सांगितलं. सण करायचे नाहीत. नवं काही घरात आणायचं नाही. शेजाऱ्यांनी दिलेला फराळ खायला हरकत नाही, पण आपल्या घरी कढई चढवायची नाही. मी मान डोलावत गेलो. व्हिडिओ गेमबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर पुढचं बरंचसं टळलं असतं, आणि उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या तीन गावांत एका मालाचे भाव जसे चढले तसे चढले नसते.

मी ग्रंथपाल होतो. उल्हासनगरच्या एका कॉलेजात पुस्तकांवर क्रमांक घालण्यात सगळी नोकरी गेली. राहायला बदलापूर पश्चिमेला, मांजर्लीत, तळमजल्यावर. मुलगी चौथीत वर्गात दुसरी आली तेव्हा कॉलेजातून परतताना उल्हासनगरच्या कॅम्प दोन भागातल्या बाजारात वाकडी वाट करून मी तिच्यासाठी टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम घेतला. राखाडी यंत्र, वायरचे दोन रिमोट आणि एक पिवळी कॅसेट. खोक्यावर एका परदेशी कंपनीचं नाव होतं, त्यातलं एक अक्षर बदललेलं. उल्हासनगरात तेव्हा हा सचोटीचा व्यवहार समजला जाई. अक्षर बदललं की माल आपला.

कॅसेटवर लिहिलं होतं की आत नऊ लाख नव्याण्णव हजार नऊशे नव्याण्णव खेळ आहेत. प्रत्यक्षात ते वीसेक असतील. यादीत तेच वीस खेळ नावं बदलून पुन्हा पुन्हा येत. मला त्या खोट्या सूचीचा फार राग आला. एकाच पुस्तकाला दहा क्रमांक दिले असते तर मला नोकरीवरून काढलं असतं. बायकोला मात्र सूचीशी कर्तव्य नव्हतं. मुलीला महिन्याभरात त्या यंत्राचा कंटाळा आला आणि ते आपसूक हिच्याकडे गेलं. विसांतला एकच खेळ तिने धरला, रणगाड्यांचा. विटांच्या भिंती, त्यांच्या आड आपला रणगाडा, वरून शत्रूचे रणगाडे येणार आणि खाली मधोमध असलेला एक पक्षी आपण वाचवायचा. दुपारची भांडी झाली की ती दिवाणाला पाठ लावून चटईवर बसे आणि संध्याकाळी नळाला पाणी येईपर्यंत खेळे. मी सुटीच्या दिवशी आतल्या खोलीत वाचत पडलेला असे. पुढे निवृत्त झाल्यावर रोजच. खेळ सुरू होताना एक सूर वाजायचा. हरली की ती यंत्रावरचं बटण दाबून पहिल्यापासून सुरू करी, की पुन्हा तोच सूर. मी तो खेळ खेळलो नाहीच, पाहिलाही क्वचित. मी तो ऐकला.

मग एका पावसाळ्यात नदी घरात आली. मांजर्लीत ती अधूनमधून येते, पण त्या वर्षी कमरेपर्यंत आली. शोकेसच्या खालच्या कप्प्यात ठेवलेलं यंत्र आणि कॅसेट चिखलात सापडली, आणि भंगारवाल्याने ती ओल्या गादीबरोबर नेली. आम्ही हेंद्रेपाड्यात तिसऱ्या मजल्यावर घर घेतलं. मुलीने आईच्या मोबाईलवर दुसरे खेळ टाकून दिले. फळं कापायची, रंगीत गोळ्या जुळवायच्या. हिने दोन दिवस फळं कापली आणि म्हणाली, "घरात काय कमी भाजी चिरते का मी?"

गेल्या वर्षी ती गेली. आजार छोटा होता, हॉस्पिटलातले दिवसही थोडे.

तिचा आवाज माझ्याकडे आहे. मोबाईलमध्ये तिने पाठवलेले निरोप आहेत: येताना कोथिंबीर आणा, लाईट गेलीय, वरची टाकी भरली का बघा. ते मी पाहिजे तेव्हा ऐकू शकतो. पण साधारण चार महिने झाल्यावर एका दुपारी पुस्तक छातीवर ठेवून पडलो असताना लक्षात आलं की तो सूर मला आठवत नाही. सुरुवात वर जाते एवढं ठाऊक होतं. पुढे काय होतं? गुणगुणून पाहिलं तर भलत्याच कुठल्यातरी जाहिरातीची चाल निघायची. इतकी वर्षं भिंतीपलीकडून रोज ऐकलेली गोष्ट डोक्यातून अशी पुसली गेली की जणू कोणी कपाटातून पुस्तक नेलं आणि जागी चिठ्ठीसुद्धा ठेवली नाही. मला तेवढा एक सूर परत हवा होता. बाकी काही परत मिळण्यासारखं नव्हतं, हे मला कळत होतं.

मुलगी नाशिकला असते. तिला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "बाबा, त्यात काय, फुकट मिळतो तो गेम." तिने तिकडून काहीतरी पाठवलं, ती सांगेल तसं मी दाबत गेलो आणि मोबाईलवर रणगाडे आले. सूरही वाजला. पण तो तो नव्हता. चाल तीच, पण संथ आणि खालच्या पट्टीतली. ओळखीच्या बाईची बहीण दार उघडायला यावी तसं झालं.

"हा वेगळा आहे गं."

"वेगळा कसा असेल? ओरिजिनल आहे, जपानी."

"मग आपला काय होता?"

ती हसली. "आपला उल्हासनगरचा होता, बाबा."

म्हणजे असं की आमचं यंत्र नकली, कॅसेट नकली, आणि त्या नकलेत कुठेतरी चूक होऊन सूर पट्टी चढून, घाईघाईने वाजायचा. जगभरातल्या लोकांनी बरोबर सूर ऐकला होता. आम्ही चुकीचा. आणि बरोबर सूर फुकट मिळत होता, चुकीचा शोधावा लागणार होता.

शोधायला निघालो तेव्हा पहिली अडचण माझ्याच जिभेची आली. वर्ष सरलेलं नाही, डोक्यावरचे केस नुकते वाढताहेत, आणि हा गृहस्थ दुकानात उभा राहून स्वतःसाठी व्हिडिओ गेम मागतो, हे माझ्या तोंडून निघेना. पूर्वी दुर्मीळ पुस्तक शोधायचं तर मी एकाच वेळी सगळ्या विक्रेत्यांना कळवत असे, कुठेतरी मिळतंच. तीच पद्धत इथेही धरली. फक्त प्रत्येक ठिकाणी माणूस वेगळा सांगितला.

अंबरनाथला शिवमंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका तरुणाचं मोबाईलच्या कव्हरांचं दुकान आहे. तो मोरिवलीचा. जुने गेम विकण्याचा त्याचा जोडधंदा आहे हे मुलीने इंटरनेटवरून शोधून दिलं होतं.

"पिवळी कॅसेट? रणगाडावाली?" तो म्हणाला. "काका, कुणासाठी?"

"नातवासाठी."

"केवढा आहे?"

माझ्या मुलीला मूल नाही. "दहा वर्षांचा," मी म्हणालो.

"दहा वर्षांच्या पोराला हे काय कळणार? त्याला थ्रीडी पाहिजे असेल."

"हुशार आहे तो," मी म्हणालो. त्या नसलेल्या मुलाचा मला थोडा अभिमानही वाटला.

"बरं, ओरिजिनल डुप्लिकेट पाहिजे का नवीन डुप्लिकेट?"

मला कळलं नाही. त्याने काउंटरखालून एक पिवळीधम्मक कॅसेट काढली. जुन्या नकली कॅसेटींना मागणी आली म्हणून आता कोणीतरी त्यांची नक्कल करायला लागलं होतं. त्यातला प्लॅस्टिकचा पिवळा रंग जरा जास्तच प्रामाणिक होता. "हे घेऊ नका," तो आवाज खाली आणून म्हणाला, "हे फेक आहे. त्या टायमाचा जेन्युइन डुप्लिकेट पीस पाहिजे तर थांबावं लागेल. स्टॉक नाहीये मार्केटमध्ये. तीनशेपर्यंत बघतो मी."

बदलापुरात आमच्याच हेंद्रेपाड्यात टीव्ही दुरुस्त करणारा एक आगरी माणूस आहे. त्याच्याकडे लोकांनी दुरुस्तीला टाकून न नेलेल्या वस्तूंचा डोंगर आहे, म्हणून त्याला विचारलं.

"काय मास्तर, तुमी आन् गेम?"

"मला नको हो. पुण्याला एक मित्र आहेत, ते जमवतात."

"जमवतात म्हंजे? खेलत न्हाईत?"

"नुसतं ठेवतात."

"मंग पयसेवाले असतील," तो समजूतदारपणे म्हणाला. मी नाही म्हटलं नाही.

शेवटी उल्हासनगर. ज्या गल्लीत मूळ यंत्र घेतलं होतं तिथे आता सगळी जीन्सची दुकानं. एकच सिंधी शेठजी उरलेत, वयाने माझ्याहून थोरले. समोर रिमोटची कव्हरं, टॉर्च, चार्जर, आणि पाठीमागे माळ्यावर काय आहे ते त्यांना आणि देवाला ठाऊक. कॉलेजात जुन्या वस्तूंचं प्रदर्शन भरणार आहे, असं मी त्यांना सांगितलं.

"साईं, पुराना तो मैं भी हूँ," ते म्हणाले. "मेरे को भी रख दो प्रदर्शन में. पंखे के नीचे रखना."

"कॅसेट आहे का?"

"है. मंगा के देता हूँ. अगले हफ्ते आओ."

इथे उल्हासनगरच्या बाजाराची एक रीत सांगायला हवी. इथला दुकानदार गिऱ्हाइकाला कधी नाही म्हणत नाही. वस्तू असो वा नसो, उत्तर 'है' असंच येतं, आणि गिऱ्हाईक पायरी उतरलं की तो फोन फिरवतो. शेजारच्या दुकानात नसेल तर पलीकडच्या कॅम्पात, तिथे नसेल तर अंबरनाथला. नोकरीत असताना मी या रीतीचा फायदा पुष्कळ घेतला. शाई, खळ, कार्डांचे ड्रॉवर, सगळं असंच 'मंगा के' मिळालं. पण फोन फिरतात तेव्हा फोनवर काय बोललं जातं याचा विचार मी कधी केला नव्हता.

दर पंधरवड्याला मी तिन्ही ठिकाणी चक्कर मारायचो. वाचकाने पुस्तक परत केलं नाही की आम्ही स्मरणपत्र धाडत असू, तसा मी स्वतःच स्मरणपत्र होऊन शेअर रिक्षाने जायचो. प्रत्येक फेरीला कॅसेट तेवढीच दूर असायची आणि भाव वर गेलेला. तीनशेचे सातशे झाले. पावसाळा संपेपर्यंत दीड हजार.

"काका, सप्लाय आटलाय," अंबरनाथचा तरुण म्हणाला. तो आता मला स्टुलावर बसवून बोलायचा. "मोठे कलेक्टर उतरलेत ना. पुण्याची एक पार्टी आहे. पैशाला बघतच नाही. तुमच्या नातवासाठी मी अजून थांबलोय, नाहीतर पुण्याला कधीच दिलं असतं."

पुणेकरांचं नाव आलं की गोष्ट हातची गेली, असं मला वाटलं. संदर्भाचं मूळ शोधल्याशिवाय कशावर विश्वास ठेवू नका, हे मी विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षं सांगितलं होतं, आणि तरी त्या दिवशी रिक्षात बसून मी त्या पुण्याच्या माणसाचा मनापासून तिरस्कार केला. एवढे पैसे आहेत तर त्याने खरे जपानी गेम घ्यावेत. आमच्या नकली मालात त्याने का तोंड घालावं?

पुढच्या आठवड्यात टीव्हीवाल्याने दुसरी बातमी दिली. "मास्तर, तुमच्या पुन्याच्या मित्राला सांगा, जल्दी करा. अंबरनाथला कोन म्हातारा हाय, नातवासाठी पार येडा झालाय. नातू म्हने यूट्यूबवर असतो."

"मुलांचे असे लाड करू नयेत," मी म्हणालो, आणि ते मी कळकळीने म्हणालो.

घरी येऊन चहाला आधण ठेवलं तेव्हा कळलं. हातात साखरेचा डबा तसाच राहिला. अंबरनाथचा म्हातारा मी होतो. पुण्याचा श्रीमंत मीच. आणि ते दोघं कॉलेजच्या प्रदर्शनाविरुद्ध बोली लावत होते. तीन दुकानदार एकमेकांना फोन करत होते आणि प्रत्येकाला दुसऱ्याकडे गिऱ्हाईक उभं दिसत होतं. बाजारात मागणी चौफेर होती आणि ती सगळी हेंद्रेपाड्यात तिसऱ्या मजल्यावर राहत होती.

हसू आलं, आणि सवयीने मी हे सांगायला बाहेरच्या खोलीत गेलो. बाहेर कोणी नव्हतं. मग आधण उकळून आटल्याचा वास आला म्हणून परत आलो.

तेव्हाच जाऊन खरं सांगायला हवं होतं. पण खरं म्हणजे काय सांगायचं? मी गप्प बसलो आणि चकरा थांबवल्या. मागणी बंद झाली की भाव उतरेल, असं मला वाटलं. अर्थशास्त्राची पुस्तकं मी लावली होती, वाचली नव्हती. झालं उलटंच. महिन्याभराने अंबरनाथच्या तरुणाने आपणहून फोन केला.

"काका, शेवटचा चान्स. कॅम्प दोनच्या शेठने इकडचा तिकडचा सगळा पिवळा माल गोळा केलाय, गोणीभर. मीपण माझा त्यालाच दिला. आता दिल्लीची पार्टी येतेय शनिवारी, लॉट उचलायला. मग इथे एक पीस दिसणार नाही. पुण्याची पार्टीपण गप्प झालीय. त्यांनी बाहेरून उचलला वाटतं."

माझ्या खोट्या गिऱ्हाइकांच्या मागोमाग खरं गिऱ्हाईक आलं होतं. त्या गोणीत कुठेतरी माझा सूर होता आणि तो शनिवारी दिल्लीला निघणार होता.

मी शुक्रवारी सकाळीच गेलो. शेठजी देवाला अगरबत्ती लावत होते. गोणी काउंटरच्या आत, त्यांच्या खुर्चीजवळ.

"आओ साईं. लेट हो गए. पाँच पार्टी खड़ी है पीछे."

"पाच कोण कोण?"

"एक दिल्लीवाला. एक पुणेवाला, वो तो पागल है, सिर्फ गेम के लिए ए.सी. कमरा बनाया है."

"एसी?"

"ए.सी. लाइट भी अलग." टीव्हीवाल्याला मी एसीबद्दल काही बोललो नव्हतो. "एक अंबरनाथ का बुढ्ढा, पोते के लिए. पोते को लाखों लोग देखते हैं यूट्यूब पे. एक कोई बदलापूर का, नाम नहीं बताता."

"आणि कॉलेज?"

"वो तो आप हो. आप सबसे ठंडी पार्टी हो, बुरा मत मानना."

एखाद्या माणसाला स्वतःच्याच तीन अवतारांपेक्षा कमी लेखलं जावं, याचं मला वाईट वाटलं हे कबूल करतो. मी खुर्ची ओढून बसलो.

"शेठजी, पुण्याचा माणूस नाही."

"नहीं मतलब? मना किया?"

"मुळातच नाही. तो मीच."

शेठजींनी अगरबत्ती खोचली आणि माझ्याकडे वळले. "और वो बदलापूरवाला?"

"मी."

"अंबरनाथ का बुढ्ढा?"

"तोही मी."

"पोता?"

"पोता नाही."

"पोता भी नहीं?" ते म्हणाले. एवढ्या सगळ्यात त्यांना नातवाचंच जास्त वाईट वाटलेलं दिसलं.

मग मी सांगितलं. घरात कोण खेळायचं, ती आता नाही, वर्ष भरत आलं, आणि मला खेळ नको, खेळाच्या आधीचा तेवढा आवाज हवा. बोलताना मला वाटलं होतं त्यापेक्षा ते सगळं फार थोडक्यात झालं. शेठजींनी मान खाली घातली. नंतर त्यांचा खांदा हलायला लागला. मला वाटलं गहिवरले. ते हसत होते. हसता हसता खोकला आला, पाणी प्याले, गोणीकडे पाहिलं आणि हसणं एकदम थांबलं.

"दिल्लीवाला तो सच्चा है न?"

"त्याला मी ओळखत नाही."

"शुक्र है." त्यांनी छातीवर हात ठेवला. "पहले दिन बोलते तो सौ रुपये में दे देता. अपनी बीवी के लिए माँगने में क्या शरम? अब सुनो. कल तक किसी को बोलना नहीं. ना अंबरनाथ में, ना बदलापूर में."

गप्प बसणं हे माझं आयुष्यभराचं काम. मी वचन दिलं, आणि शनिवार केव्हाच उलटून गेला आहे म्हणून आता लिहितो.

त्यांनी माळ्यावरून एक राखाडी यंत्र उतरवलं आणि कोपऱ्यातल्या फुगीर काचेच्या छोट्या टीव्हीला जोडलं. गोणीतून कॅसेटी निघू लागल्या. शेठजी प्रत्येकीच्या पट्ट्या खोडरबराने घासायचे, तोंडाने फुंकर मारायचे, आत खुपसायचे. काहींत नुसता निळा पडदा. काहींत रणगाडेच नाहीत. एकीत ते आले, पण सूर मोबाईलसारखाच, संथ. "नाही," मी म्हणालो. "सेम तो है," शेठजी म्हणाले, पण काढली. अजून काही कॅसेटी गेल्या. मग एक निघाली, तिच्यावरचा कागद अर्धा फाटलेला. त्यांनी बटण दाबलं.

तो वाजला. वर चढला, घाईने दोन वळणं घेतली आणि संपला. मी चष्मा नीट करायला हात वर नेला होता, तो तिथे पोचायच्या आत संपला.

"एवढाच?" मी म्हणालो.

"इतना ही होता है," शेठजी म्हणाले. "फिर गेम चालू."

मला तो लांबलचक आठवत होता. सबंध दुपारभर पसरलेला. प्रत्यक्षात तो चार-पाच सेकंदांचा होता. ते बाकीचं, दोन सुरांमधलं, कॅसेटमध्ये नव्हतंच. पडद्यावर रणगाडे आले. शेठजींनी रिमोट माझ्या हातात दिला. यातला आपला कोणता, हे मला कळायच्या आत पक्षी मेला.

"फिर से लगाऊँ?"

"लावा."

त्यांनी बऱ्याच वेळा लावला. गिऱ्हाईक कोणी आलं नाही. शेवटी त्यांनी कॅसेट आणि यंत्र जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलं. भाव पुण्याच्या माणसाचा लावला नाही, नातवाचा लावला.

घरी आल्यावर यंत्र बाहेरच्या खोलीत टीव्हीला जोडलं. लाल, पांढरी, पिवळी पिन त्याच रंगाच्या भोकांत, तेवढं मला जमतं. सूर वाजला. पण मी टीव्हीसमोर उभा होतो, आणि तिथून तो मी कधीच ऐकला नव्हता. म्हणून बटण दाबून आतल्या खोलीत जाऊन पाहिलं. दोन खोल्यांमधलं अंतर काही फार नाही, पण सूर त्याहून लहान होता. मी उंबऱ्यात पोचायचो तेव्हा शत्रूचे रणगाडे निघालेले असायचे. वाटेतली खुर्ची हलवून पाहिली, चप्पल काढून पाहिली. वयाच्या मानाने मी बराच चपळ निघालो, तरी पलंगावर आडवं होऊन तो ऐकणं एकट्या माणसाला शक्य नव्हतं. तीन गावं पालथी घालून जे आणलं त्याला दुसरं माणूस लागत होतं.

वर्षश्राद्धाला मुलगी आली. चार दिवस राहिली. विधी झाले, थोरल्या वहिनी जेवून गेल्या. जाताना त्यांनी टीव्हीखालच्या राखाडी यंत्राकडे पाहिलं, आणि मी सांगितलं, दुरुस्तीला आणलंय कुणाचं तरी. दुसऱ्या दिवशी दुपारी मुलीला म्हटलं, "जरा खेळतेस का? मी आत वाचत पडतो."

तिने रिमोट उचलला. दिवाणाला पाठ टेकून बसली. मी आत जाऊन पुस्तक उघडलं.

सूर आला. मग गोळ्यांचे आवाज, मग "अरे देवा," मग पुन्हा सूर. माझी मुलगी फार वाईट खेळते. पहिल्या दुपारी तो सतत वाजत होता, मी मोजले नाहीत. पुस्तकाचं पान तेच राहिलं.

दुसऱ्या दुपारी ती जरा सुधारली. तिसऱ्या दुपारी तिला भिंतींच्या आड कसं थांबायचं ते कळलं होतं आणि सूर बराच वेळ आलाच नाही. हिच्या वेळीही असंच असे. सूर आला नाही म्हणजे ती जिंकते आहे आणि आज चहा लांबणार. मी पडून वाट पाहिली. मग उठलो, स्वयंपाकघरात जाऊन आधण ठेवलं, आणि बाहेर डोकावून तिला म्हटलं, "दोन कप ठेवतोय. तू हरायची थांबू नकोस."

"गप्प बसा हो बाबा," ती पडद्यावरची नजर न काढता म्हणाली, "दुसऱ्या लेव्हलला आहे मी."